ड्वेलचा आकडा आणि कॉइलपर्यंत पोहोचणारे व्होल्ट

पावसाळ्यातल्या रात्री गोव्यात साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा हे सगळे एकाच वेळी चालू असते, आणि नेमक्या त्याच चढावर बाहेरचा इसीयू (इंजिनचे पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा संगणक) बसवलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की मिसिंग मारू लागते, म्हणजे अधूनमधून एखाद्या सिलिंडरमध्ये जळणच होत नाही. सकाळी कोरड्या हवेत, पणजी–मडगाव रस्त्यावर हीच गाडी निर्धास्त पळते. असा दोष घेऊन मालक गॅरेजमध्ये येतो तेव्हा बहुतेकांचा हात आधी लॅपटॉपवरच्या इंधनाच्या तक्त्याकडे जातो. तो हात थोडा वेळ आवरावा, कारण अशा प्रसंगी एक्झॉस्टमधला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर दिशाभूल करतो. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, त्यातले न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही एक्झॉस्टमध्ये जातात. सेन्सर मोजतो तो ऑक्सिजन, त्यामुळे मिश्रण विरळ असल्याचा आकडा पडद्यावर येतो. त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवले की प्लग काळे पडतात, मिसिंग वाढते, सेन्सर आणखी विरळ दाखवतो आणि माणूस आणखी पेट्रोल ओततो. भाराखाली येणारे मिसिंग आणि अचानक विरळ झालेले मिश्रण एकत्र दिसले, तर आधी इग्निशन तपासावे, आणि इग्निशनमध्ये सर्वांत आधी, ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलला मिळणारा करंट.

ड्वेल म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेऊ

कॉइलच्या प्रायमरी (बॅटरीकडच्या) गुंडाळीतून करंट सुरू झाल्यापासून तो तोडला जाईपर्यंतचा काळ म्हणजे ड्वेल. ठिणगी पडते ती करंट तोडल्याच्या क्षणी. त्याआधीचा सारा वेळ कॉइल भरण्यात जातो. चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी आणि कॉइलवर चालणारी इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकवर आली, आणि पुढची अनेक दशके ड्वेल अंशांत मोजला गेला, कारण पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी यांत्रिक जोडी) किती काळ मिटलेले राहतील हे डिस्ट्रिब्यूटरच्या कॅमवर ठरत असे. चार सिलिंडरच्या इंजिनात तो कोन साधारण ५० अंश असे. इंजिन १,००० आरपीएमवर असताना या ५० अंशांना सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि ६,००० वर जेमतेम २.८. म्हणजे सावकाश चालताना कॉइल उगाच तापत असे आणि वेगात ती अर्धपोटी राही. आजचा इसीयू ही अडचण दूर करतो, कारण तो कोनाऐवजी थेट मिलिसेकंद राखतो आणि बॅटरीचे व्होल्ट पाहून ते कमी-जास्त करतो. मात्र कॉइलला किती मिलिसेकंद हवेत, हे त्याला आपणच सांगावे लागते.

गुंडाळीतला करंट एकदम चढत नाही. तिच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे करंट बदलायला होणाऱ्या विरोधामुळे, तो चढणीसारख्या रेषेत वाढत जातो आणि रोधामुळे ती रेषा हळूहळू वाकते. उदाहरणासाठी प्रायमरीचा रोध ०.५ ओहम, इंडक्टन्स ३ मिलिहेन्री आणि इग्नायटरमध्ये, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये, होणारी घट १.५ व्होल्ट अशी एक कॉइल धरू, आणि तिच्यात ८ अँपिअर भरायचे आहेत असे मानू. गणिताने बॅटरी १३.५ व्होल्टवर असताना सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात, १२ व्होल्टवर २.९, ११ व्होल्टवर ३.३ आणि स्टार्टर फिरताना बॅटरी ९ व्होल्टपर्यंत खाली आली तर ४.६. उलट १५ व्होल्टवर २.१ पुरतात. हे आकडे या मानलेल्या कॉइलचे आहेत, ते आपल्या गाडीत जसेच्या तसे भरू नयेत. पण व्होल्ट दोन-तीनने उतरले की ड्वेल किती झपाट्याने वाढवावा लागतो, हा त्यातला मुद्दा प्रत्येक कॉइलला लागू आहे.

इसीयू जे व्होल्ट पाहतो, ते कॉइलला मिळतात का?

इसीयू व्होल्ट मोजतो ते स्वतःच्या पिनवर. कॉइलला येणारी वायर वेगळी असते, तिचा फ्यूज वेगळा असतो, आणि अनेक जुन्या गाड्यांत ती इग्निशन स्विचमधून फिरून आलेली असते. या दोन जागांमध्ये फरक पडला, तर व्होल्टनुसार ड्वेल कमी-जास्त करणारा भरपाईचा तक्ता कितीही काळजीपूर्वक केलेला असला तरी व्यर्थ आहे. वरच्याच कॉइलला १३.५ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले आणि इसीयूने १३.५ चा २.४ मिलिसेकंद ड्वेल दिला, तर ८ अँपिअरऐवजी ७ च भरतात. एक अँपिअर फार वाटत नाही, परंतु साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ९६ मिलिज्यूलची जागा ७४ मिलिज्यूल घेतात. मोकळ्या रस्त्यावर तेवढे पुरते. घाटात पूर्ण रेस दिल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते, आणि तिथे हा गेलेला चौथा हिस्सा जाणवतो.

आपल्याकडे हा दोष अधिक आढळतो, याचे कारण हवा. मिरामार किंवा कोलव्याच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे रिले आणि अर्थचे टोक खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत हिरवे पडतात. एका गाडीत मी दोन दिवस ड्वेलच्या तक्त्याशी झुंजलो आणि शेवटी रिलेच्या बैठकीतली एक हिरवी पडलेली पत्ती घासल्यावर गाडी सुधारली. तेव्हापासून तक्त्याला हात लावण्याआधी वायर मोजण्याचा नियम मी पाळतो.

मोजण्यातही एक फसगत आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या पॉझिटिव्हपर्यंत मल्टिमीटर लावला, तर तो सरासरी दाखवतो. कॉइल करंट ओढते तो ठोक्याठोक्याने, त्यामुळे ऐन टोकाच्या क्षणी होणारी घट मीटरवर दिसतच नाही. ऑसिलोस्कोप (क्षणोक्षणीचा बदल रेषेने दाखवणारे यंत्र) नसेल तर सोपा उपाय असा: कॉइलचा कनेक्टर काढावा, कॉइलऐवजी ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब पॉझिटिव्ह पिन आणि इंजिनचा अर्थ यांच्यामध्ये जोडावा आणि इग्निशन चालू करावे. बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास अखंड करंट ओढतो. अशा स्थितीत बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कनेक्टरपर्यंतची घट मोजावी, आणि मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या हेडपर्यंतची. दोन्ही मिळून ०.३ व्होल्टच्या आत असतील तर वायरिंग चांगले आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर दोष शोधावा, कारण ८ अँपिअरला तीच घट जवळपास दुप्पट होईल, आणि दोन कॉइल एकाच वेळी भरत असतील तर त्याहूनही अधिक.

दुरुस्ती एकच आणि जुनीच आहे: बॅटरीपासून थेट फ्यूज, स्वतंत्र रिले, तिथून कॉइलपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर, आणि इग्निशन स्विचकडून येणाऱ्या जुन्या वायरीने फक्त रिले ओढायचा. इग्नायटरचा किंवा आत इग्नायटर असलेल्या कॉइलचा अर्थ हेडवर, रंग खरवडलेल्या जागी घट्ट बसवावा. इसीयूच्या सेन्सरचा अर्थ मात्र त्याच बोल्टवर आणू नये.

वायरिंग सुधारल्यावर विसरू नये अशी एक गोष्ट आहे. आधीच्या माणसाने मिसिंग घालवण्यासाठी ड्वेल वाढवून ठेवलेला असू शकतो. समजा त्याने २.४ चे ३.४ मिलिसेकंद केले होते. पूर्ण व्होल्ट मिळू लागताच त्या ड्वेलने वरच्या कॉइलमध्ये १० अँपिअरहून जास्त भरतील, आणि गाडी आठवडाभर उत्तम चालून मग भर बाजारात बंद पडेल. म्हणून वायरिंगनंतर ड्वेल पुन्हा खालून चढवत आणावा.

कॉइल कोणती आणि तिला सांगायचे कसे

बाजारात कॉइल दोन जातींच्या मिळतात: काहींच्या आत इग्नायटर असतो आणि त्यांना इसीयूकडून फक्त ५ व्होल्टचा इशारा लागतो; काहींच्या आत निव्वळ गुंडाळी असते आणि करंट तोडण्याचे काम बाहेरच्या इग्नायटरला किंवा इसीयूतल्या आयजीबीटीला (तसल्याच इलेक्ट्रॉनिक स्विचला) करावे लागते. दोन पिनांची कॉइल सहसा दुसऱ्या जातीची असते, तीन-चार पिनांची पहिल्या. तरीही पिनांच्या संख्येवर भिस्त न ठेवता कॉइलचा नंबर पाहून खात्री करावी. स्पीडुइनोसारख्या स्वस्त इसीयू बोर्डाच्या ५ व्होल्टच्या आउटपुटला निव्वळ गुंडाळीची कॉइल थेट जोडली, तर बोर्ड जाण्याची शक्यताच अधिक.

दुसरी चूक याहून घातक असते, ती म्हणजे आउटपुटची उलटी दिशा. सॉफ्टवेअरमध्ये इशारा वर जाताना ठिणगी की खाली येताना, अशी निवड असते. ती उलटी पडली, की इसीयू ज्या काळाला विश्रांती समजतो त्या काळात कॉइल भरत राहते आणि इसीयू भरणे सुरू करू पाहतो त्या क्षणी ठिणगी पडते. परिणामी कॉइल जवळजवळ सर्व वेळ चालू राहते आणि ठिणगी ड्वेलइतकी आधी पडते. १,००० आरपीएमवर एका मिलिसेकंदात क्रँक ६ अंश फिरतो, म्हणजे अडीच मिलिसेकंदांच्या ड्वेलला १५ अंश, आणि ३,००० वर ४५ अंश. असे इंजिन कधीकधी सुरूही होते, आणि तेच वाईट, कारण मालकाला वाटते काम झाले.

यासाठी पहिल्यांदा इग्निशन चालू करताना इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवावेत आणि कॉइलच्या वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज घालावा. दिशा उलटी असेल तर फ्यूज जाईल, कॉइल वाचेल. कॉइलवर हात ठेवून पाहायचे नाही. प्रायमरीच्या टोकालाही करंट तुटताना तीन-चारशे व्होल्ट येतात. इंजिन सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर कुलूपबंद करावे, टायमिंग लाइट लावावी आणि ड्वेल २.५ वरून ३ मिलिसेकंद करून पाहावा. लाइटमध्ये दिसणारी क्रँकच्या पुलीवरची टायमिंगची खूण जागची हलता कामा नये. ३,००० आरपीएमवर ती ९ अंशांनी सरकली, तर दिशा उलटी आहे. दुसरे कारण शोधण्यात वेळ घालवू नये.

एक अपवाद सांगायला हवा. जीएमच्या एलएस इंजिनांवर येणाऱ्या काही कॉइल आपले रक्षण स्वतः करतात: करंट मर्यादेबाहेर गेला की इसीयूची वाट न पाहता ठिणगी सोडून देतात. त्यांच्यावर ड्वेल जास्त झाला तर कॉइल जळत नाही, पण टायमिंग आपोआप पुढे जाते आणि इंजिन ठोकू लागते. अशा कॉइलला अधिक ड्वेल म्हणजे अधिक ताकद, हा समज इंजिनच्या जिवावर बेततो.

करंट डोळ्यांनी पाहणे

ज्याला एकाहून अधिक गाड्या करायच्या आहेत त्याने दोन चॅनेलचा साधा ऑसिलोस्कोप आणि करंट क्लॅम्प (वायर न तोडता तिच्याभोवती लावून करंट मोजणारा चिमटा) घ्यावा. प्लगच्या महागड्या संचापेक्षा हा खर्च कामी येतो. क्लॅम्प कॉइलच्या पॉझिटिव्ह वायरीभोवती लावावा, ड्वेल १.५ मिलिसेकंदांवर ठेवावा आणि ०.२ च्या पायऱ्यांनी वाढवत प्रत्येक वेळी करंटचे टोक लिहून घ्यावे. चांगल्या कॉइलची रेषा शून्यातून सुरू होऊन जवळजवळ सरळ चढते. वरच्या उदाहरणात पहिल्या अर्ध्या मिलिसेकंदात सुमारे २ अँपिअर चढतात, आणि त्या चढणीवरून इंडक्टन्सही काढता येतो: मिळणारे व्होल्ट भागिले दर सेकंदाला चढणारे अँपिअर. रेषा सुरुवातीलाच उभी उसळी घेत असेल, तर गुंडाळीचे वेढे आतून शॉर्ट झाले आहेत आणि ती कॉइल ठेवण्यात अर्थ नाही.

पुढे रेषेचे तीन शेवट संभवतात आणि तिन्हींना सरसकट ‘सॅच्युरेशन’ म्हणण्याची सवय आहे, ती सोडावी. रेषा हळूहळू गोलावत आडवी होऊ लागली, तर रोधाने मर्यादा घातली आहे. यापुढचा ड्वेल बहुतांशी उष्णतेत जातो. ती चढून एकदम सपाट, पट्टीने आखल्यासारखी झाली, तर इग्नायटरने करंट रोखला आहे आणि उष्णता आता इग्नायटरमध्ये साठते आहे. तिसऱ्या प्रकारात रेषा एका जागी मोडून अधिक वेगाने वर जाते. कॉइलचा लोखंडी गाभा भरल्याची खरी खूण हीच. यांपैकी काहीही दिसू लागले किंवा निर्मात्याने दिलेली करंटची मर्यादा आली, यांतले जे आधी घडेल तिथे थांबावे आणि ड्वेल दहा टक्क्यांनी मागे आणावा.

हे मोजमाप गार कॉइलवर करून समाधान मानू नये. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. २५ अंशांवर ०.५ ओहम असलेली गुंडाळी १०५ अंशांवर ०.६५ च्या जवळ जाते, आणि त्याच ड्वेलला ८ ऐवजी साडेसात अँपिअर भरतात. वीस मिनिटे गाडी चालवून, इंजिन गरम असताना पुन्हा क्लॅम्प लावावा आणि तेच आकडे अंतिम मानावेत. मग पंखा, दिवे, ब्लोअर चालू-बंद करत निरनिराळ्या व्होल्टवर करंटचे टोक सारखेच राहते का ते पाहावे. व्होल्टच्या भरपाईचा तक्ता टक्क्यांत असो वा मिलिसेकंदांत, त्याची परीक्षा हीच: व्होल्ट बदलले तरी अँपिअर बदलू नयेत. इंटरनेटवरून उतरवलेला तक्ता या परीक्षेत क्वचितच टिकतो, कारण तो दुसऱ्याच कॉइलचा असतो.

क्लॅम्प मिळणारच नसेल, तर निर्मात्याच्या माहितीपत्रकातल्या ड्वेलच्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी, भाराखाली मिसिंग थांबेपर्यंत ०.२ ने वाढवावे आणि त्यापुढे मोह आवरावा. माहितीपत्रक नसलेली, कुठल्याशा डब्यातून आलेली नकली कॉइल मी ट्यूनिंगच्या गाडीत लावत नाही.

वेग वाढल्यावर आणि स्टार्टर फिरताना

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर ६,००० आरपीएमवर दोन ठिणग्यांमध्ये २० मिलिसेकंद असतात आणि ३ मिलिसेकंदांचा ड्वेल कसाही मावतो. वेस्टेड स्पार्कमध्ये, म्हणजे दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असताना, हे अंतर १० मिलिसेकंद होते. डिस्ट्रिब्यूटर ठेवून एकाच कॉइलवर चार सिलिंडर चालवले तर ५ मिलिसेकंद उरतात. त्यातले ३ ड्वेलला गेले आणि ठिणगी जळायला दीड मिलिसेकंद लागले, तर हाती अर्धा मिलिसेकंद राहतो. ७,००० वर तोही नाही. अशा गाडीत वरच्या वेगात मिसिंग आले, तर ड्वेल वाढवणे हा उपाय नसून ते कारण असू शकते. ड्वेल कमी करून पाहावा, किंवा कमी इंडक्टन्सची, लवकर भरणारी कॉइल लावावी.

अचानक रेस दिल्यावरच मिसिंग येत असेल, तर भरणे कधी सुरू करायचे हे इसीयू मागच्या वेगावरून अंदाजाने ठरवतो, हे आठवावे. वेग झपाट्याने वाढला की ठिणगीचा क्षण अंदाजाआधी येतो आणि ड्वेल आखूड पडतो. ज्याचे दात पाहून क्रँक सेन्सर इसीयूला वेग कळवतो त्या क्रँकच्या चाकावर मोजकेच दात असतील तर हा अंदाज आणखी चुकतो. ३६ वजा १ किंवा ६० वजा २ दातांच्या (म्हणजे ३६ पैकी एक किंवा ६० पैकी दोन दात मुद्दाम गाळलेल्या) चाकाने तो सुधारतो.

सुरू होताना त्रास देणाऱ्या गाडीत स्टार्टरसाठीचा ड्वेल वेगळा असतो आणि तो बहुधा ४ ते ५ मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवला जातो. तो भरण्याआधी स्टार्टर फिरताना कॉइलवर प्रत्यक्ष किती व्होल्ट राहतात ते पाहावे. ९ च्या खाली जात असतील तर आधी बॅटरी आणि तिची टोके, मग सॉफ्टवेअर.

ड्वेल बरोबर असूनही मिसिंग राहिले, तर प्लगची फट टर्बोच्या इंजिनात ०.६ ते ०.७ मिलिमीटरवर आणावी, प्लग रोध असलेला आहे याची खात्री करावी आणि कॉइलच्या रबरावर रात्री अंधारात निळ्या रेघा दिसतात का ते पाहावे. पडद्यावर क्रँक सेन्सरच्या चुका वाढत असतील, तर प्रश्न कॉइलचा नसून सेन्सरच्या वायरीत घुसणाऱ्या गोंगाटाचा आहे.

सगळे जमल्यावर कॉइलचा नंबर, गरम अवस्थेतला करंट, १३.५ व्होल्टवरचा ड्वेल आणि बल्ब लावून मोजलेली वायरीची घट एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पाऊस संपला की बल्बची चाचणी पुन्हा करावी आणि घट ०.३ वरून ०.६ झालेली दिसली, तर लॅपटॉप बंदच ठेवून आधी रिलेची बैठक उघडावी.